पाठवण्याआधी रेझ्युमेवरचा नंबर एकदा लावून बघा

परवा एका मुलीचा रेझ्युमे वाचला. आम्हाला हवा होता नेमका तसाच अनुभव. लगेच फोन लावला, तर पलीकडे कुणी आजोबा. आकडा चुकला होता. मेल केला, तोही परत आला. पत्त्यात एक अक्षर जास्तीचं. दोन दिवस वाट पाहिली आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. आपल्याला मुलाखतीला बोलावत होते हे तिला कधी कळणारही नाही. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहितेय.

भरतीच्या कामात मी रोज ढीगभर अर्ज वाचते. शुद्धलेखन तपासा, दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलेलं कव्हर लेटर पाठवू नका, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती ‘जबाबदारी’ या शब्दापाशी. ‘ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याची जबाबदारी.’ अहो, जबाबदारी पदाची असते, तुम्ही काय केलंत ते लिहा ना! हीच ओळ लिहिलेल्या एकाला मुलाखतीत खोदून विचारलं, तेव्हा कळलं की तक्रारींची धड नोंदच होत नव्हती. त्याने स्वतः एक्सेल शीट बनवली आणि आठवड्याने जाणारं उत्तर दोन दिवसांत जाऊ लागलं. हे लिहिलं का नाहीस? तर म्हणे, ‘त्यात काय सांगायचं?’

लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झाकडे काम मागताना लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही आहे. आधी पूल, तोफा, चिलखती गाड्या. चित्रकला पार शेवटी. समोरच्याला काय हवंय, ते त्याने वर ठेवलं. आपण मात्र एकच फाइल पन्नास ठिकाणी पाठवतो.

बऱ्याच ठिकाणी अर्ज माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने, तक्ते, हेडरमध्ये टाकलेला नंबर त्याला कधीकधी नीट वाचता येत नाही. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. ओळी उलटसुलट झाल्या तर साधा, एका रकान्याचा रेझ्युमे करा. मजकूर सिलेक्टच होत नसेल तर तो नुसता फोटो आहे.

नोकरीत खंड पडला असेल तर तो झाकायला महिने गाळू नका. घरचं आजारपण, शिक्षण, जे असेल ते एका ओळीत लिहा. आम्हाला गाळलेले महिने दिसतातच आणि मग उगाच शंका येते.

आणि हो, नंबर पाठ आहे म्हणून आठवणीने लावू नका. रेझ्युमेवरचा आकडा न् आकडा बघून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून लावा. तुमचा फोन वाजला, की मग सेंड करा.