बारकोड रीडर दहा ओळींत होत नाही

‘पायथन येतं ना? मग डेस्कटॉपवरचा बारकोड रीडर म्हणजे अर्ध्या तासाचं काम. ओपनसीव्ही लायब्ररीने कॅमेरा उघडा, फ्रेम (कॅमेऱ्याचं एकेक चित्र) बारकोड वाचणाऱ्या पायझेडबारला द्या, आलेला क्रमांक दाखवा. दहा ओळी. विंडो, बटणं हा वरचा मुलामा. चेक डिजिट (बाकीच्या आकड्यांवरून काढलेला तपासणीचा आकडा) असतोच, त्यामुळे वाचलं ते बरोबर. यूएसबी स्कॅनर असेल तर एवढंही नको.’

हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि नव्याने शिकणाऱ्यांना हौसेने पाठवला जातोय. त्या दहा ओळी चालतात, हे आधीच मान्य करतो. पायझेडबारच्या आतली झेडबार लायब्ररी खरोखर चांगली आहे. पण पुढे विंडो गोठते, क्रमांक चुकतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘विंडो हा मुलामा.’ नाही, खरं काम तिथेच आहे. विंडो बनवायला टीकिंटर वापरा की क्यूटी, ती एका लूपवर जिवंत असते. माउसची क्लिक, बटणाचा रंग, खिडकी हलवणं, सगळं तोच लूप बघतो. त्यात तुम्ही कॅमेऱ्याचा न संपणारा ‘व्हाइल’ टाकलात की त्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. माझ्या पहिल्या अ‍ॅपमध्ये हेच झालं: बटण दाबलं, कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. दोन दिवस मी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तपासत होतो.

कॅमेरा वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर, चालवा. त्या थ्रेडमधून विंडोतल्या कशालाही हात लावू नका. फ्रेम आणि निकाल रांगेत टाका, आणि मुख्य लूपने ‘आफ्टर’ (ठरलेल्या वेळाने काम करणारं टीकिंटरचं फंक्शन) वापरून दर ३० मिलिसेकंदांनी ती रांग बघावी. क्यूटीमध्ये हेच काम सिग्नल करतो. शिवाय टीकिंटरमध्ये चित्राचा ऑब्जेक्ट कुठेतरी धरून ठेवला नाही तर पायथन तो साफ करतो आणि चित्राच्या जागी कोरी चौकट उरते. एररही येत नाही. चेहरे निळे दिसले तर घाबरू नका. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतं, तो उलटा करायचा.

आणखी एक. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम देतो, म्हणजे समोर धरलेली एक वस्तू सेकंदात तीसदा ‘वाचली’ जाऊ शकते. तोच क्रमांक लगेच पुन्हा आला तर सोडून द्यायचा, हा नियम दहा ओळींत कुठेच नसतो.

‘फ्रेम दिली की क्रमांक येतो.’ जरा हिशेब करा. दुकानातल्या वस्तूंवरच्या १३ आकडी ईएएन-१३ बारकोडमध्ये सर्वांत बारीक रेषेच्या रुंदीचे ९५ कप्पे असतात, दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून ११३. एका कप्प्याला दोन पिक्सेल हवेत असं धरलं तर झाले २२६. कॅमेरा ६४० पिक्सेल रुंदीवर उघडला आणि बारकोडने चित्राचा तिसरा हिस्सा व्यापला, तर हातात येतात २१३. वस्तू जवळ न्यावी तर फिक्स्ड फोकसचा वेबकॅम धूसर दाखवतो. म्हणून जास्त रिझोल्युशन मागा, आणि मागितलं तेवढंच मिळालं का तेही वाचून बघा. कॅमेरा नाही म्हणताना सांगत नाही.

‘चेक डिजिट असतोच.’ ईएएनला असतो. कोड ३९ या दुसऱ्या प्रकाराला तो सक्तीचा नाही. खोक्यांवर दिसणाऱ्या इंटरलीव्ह्ड २ ऑफ ५ या प्रकारात वाचनाची रेषा तिरकी जाऊन बारकोड मधूनच कापून गेली तरी छोटा पण बरोबर दिसणारा क्रमांक निघू शकतो. खोक्यांवरच्या या बारकोडभोवती जाड काळी चौकट असते, त्यामागचं एक कारण हेच. तेव्हा लागतात तेवढेच प्रकार चालू ठेवा.

लेबल फाटलं की माणूस क्रमांक हाताने टाकणार, आणि तिथे चेक डिजिट तुम्हालाच तपासावा लागतो. ईएएनमध्ये आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणतात. एक आकडा चुकला तर तो नक्की पकडला जातो. पण शेजारच्या आकड्यांची अदलाबदल? १६ चे होतात १ + १८ = १९, ६१ चे ६ + ३ = ९. शेवटचा आकडा दोन्हीकडे ९, म्हणजे चूक निसटली. ज्या शेजाऱ्यांत ५ चा फरक, तिथे हे असंच होणार.

‘पहिल्या तीन आकड्यांवरून वस्तू कुठे बनली ते दाखवा’ अशी जोडही कुणीतरी देतं. तो उपसर्ग, बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ च्या कोणत्या संस्थेकडून क्रमांक मिळाला हे सांगतो, कारखाना कुठे आहे हे नाही. ९७८ तर पुस्तकांचा आहे, तो कुठल्याच देशाचा नाही.

आता यूएसबी स्कॅनर. बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतात: आकडे ‘टाइप’ करतात, शेवटी एंटर. टाइप करण्याचा कर्सर भलत्या चौकटीत असेल तर क्रमांक तिथे पडतो. आणि स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कळ पाठवतो. संगणक देवनागरी मांडणीवर असेल तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी उमटतात, काही मांडण्यांत आकडेही. पायथनचं ‘इजडिजिट’ देवनागरी आकड्यांनाही हो म्हणतं, पण डेटाबेसमधल्या मजकुराशी ते जुळत नाहीत. मराठीत काम करणाऱ्यांनी हे आधीच तपासावं.

यूपीसी-ए हा आणखी एक प्रकार, १२ आकड्यांचा. झेडबार तो नेहमीच्या सेटिंगमध्ये पुढे शून्य लावून १३ आकड्यांचा ईएएन म्हणून देतं, स्कॅनर सहसा १२ च देतो. एकाच वस्तूच्या दोन नोंदी झाल्या! क्रमांक मजकूर म्हणूनच साठवा आणि सगळे १३ आकड्यांवर आणा. पूर्णांक केलात तर पुढची शून्यं गेली.

शेवटी दुसऱ्याच्या संगणकावर ते चालवणं. विंडोजवर पायझेडबारला व्हिज्युअल सी++ २०१३ ची रनटाइम फाइल लागते, लिनक्स आणि मॅकवर झेडबार वेगळं टाकावं लागतं. तुमच्या मशीनवर हे सगळं आधीपासून असतं म्हणून लक्षात येत नाही. पायइन्स्टॉलरने (प्रोग्रॅमची स्वतंत्र चालणारी फाइल करणाऱ्या साधनाने) बनवलेली फाइल पायथन कधीच न टाकलेल्या संगणकावर उघडून बघा, आणि तीही वापरणाऱ्याला देण्याच्या आदल्या रात्री नाही, पहिल्याच आठवड्यात.