पिस्टन पंप आणि सील किट : एक खुलासा

सांगली-मिरज भागातील पोकलेन आणि ऊसतोडणी यंत्रांच्या मालकांमध्ये सध्या असा निरोप फिरतो आहे की, जुना हायड्रॉलिक पंप (दाबाखालील तेलाने यंत्र चालवणारा) गरम झाल्यावर ढिला पडत असेल तर सील किट (रबरी सीलचा संच) बदलावे आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेपुढे गेल्यास तेल परत सोडणारी झडप) थोडा आवळावा, म्हणजे पंप नव्यासारखा होतो. हे खरे नाही.

या यंत्रांवरील पिस्टन पंपातील दाब रबरी सील धरून ठेवत नाहीत. सील शाफ्टपाशी आणि बॉडीच्या सांध्यांत असतात व त्यांचे काम तेल बाहेर येऊ न देणे एवढेच आहे. दाब टिकतो तो पिस्टन व त्याचे बोअर (तो ज्यात सरकतो ते छिद्र) आणि सिलिंडर ब्लॉक (ही छिद्रे असलेला फिरता भाग) व व्हॉल्व्ह प्लेट (तेल आत-बाहेर सोडणारी चकती) यांच्यातील काही शतांश मिलिमीटरच्या फटीवर. ती फट वाढली की तापून पातळ झालेले तेल आतल्या आत केसमध्ये (पंपाच्या कवचात) निसटते. म्हणूनच सकाळी बरे चालणारे यंत्र दुपारी दम टाकते. खरी तपासणी केस ड्रेनचे (केसमधले निसटलेले तेल टाकीत परत नेणाऱ्या नळीचे) तेल गरम अवस्थेत मोजून होते, पण ते करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. व्हॉल्व्ह प्लेटवर नखाला लागणारी चर असेल तर लॅपिंग (घासून पृष्ठभाग सपाट करणे) किंवा बदली अटळ आहे. रिलीफ आवळल्याने गळती थांबत नाही, उलट होस (तेलाचे लवचिक पाइप) आणि बेअरिंगवर ताण येतो.

टाकी व लाइनमधील, पंपाच्या झिजेतून आलेला पितळी कीस धुऊन काढल्याशिवाय, तसेच केस स्वच्छ तेलाने भरल्याशिवाय दुरुस्त पंप चालू करू नये.