शॅक मोडले की राहायचं कुठे?

चवथीला इंग्लंडहून गोव्यातल्या पेडण्याच्या घरी गेले की एक वाक्य ऐकावंच लागतं. यंदा ते दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, ऐकवलं. "तुमच्या इंग्लंडात पोर अठराचं झालं की बाहेर. आपल्याकडे कुटुंब असतं." गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधणं चाललं होतं आणि दादाला नारळांचा घोस वर उचलून देत होता तो मुलगा बालगृहात वाढलेला. अठरा पूर्ण झाली तशी पिशवी घेऊन बाहेर पडला. हरमलच्या किनाऱ्यावर एका शॅकवर, म्हणजे हंगामापुरत्या उभारलेल्या खानावळीत, लागला, झोपायला मागची खोली मिळाली. गोव्यात ३१ मेपर्यंत शॅक मोडावे लागतात. नोकरीबरोबर खोलीही गेली. जूनपासून तो दादाच्या सोप्यावर झोपतो.

दादा मनाने मोठा आहे, यात वाद नाही. पण त्या पोराचं छप्पर दादाच्या मर्जीवर आहे, आणि दादा त्यालाच कुटुंब म्हणतो.

कायदा नाही असं नाही. बालन्याय कायदा २०१५, कलम ४६: संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत 'देता येईल'. 'द्यावी' नव्हे. नियमांत एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे; सहा-आठ जणांच्या गटघराचाही उल्लेख आहे. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' या बालसंरक्षण योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत रक्कम आहे महिना ४,००० रुपये. म्हापशात खोलीचं डिपॉझिट, भाडं, दोन वेळचं जेवण त्यात बसवून दाखवा. वर घरमालक विचारणार, "तू खंयचो? बापूय कितें करता?" गोव्यात या प्रश्नाला गाव, वाडा, कुळदेवता असं सगळं उत्तर लागतं.

इंग्लंडात, स्विंडनमध्ये, आमच्या शेजारच्या बाई फोस्टर पालक आहेत, म्हणजे दुसऱ्यांची मुलं आपल्या घरी सांभाळतात. त्यांच्याकडचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. इंग्लंडात २०१४पासून 'स्टेइंग पुट' आहे: दोघांची इच्छा असेल तर मूल एकविसापर्यंत त्याच घरात राहू शकतं, आणि कौन्सिलने त्याला हातभार लावायचा असतो. पंचविसापर्यंत सल्लागार मागता येतो. वेगळं बिऱ्हाड थाटायला ३,००० पौंडांपर्यंतचा भत्ता असतो. पण मला आवडतं ते निराळंच. तो पोरगा रात्रपाळीहून येतो, न विचारता फ्रिज उघडतो, आणि बाई वरून ओरडतात, "दूध संपवू नकोस!"

इंग्लंडचे गोडवे मी गाणार नाही. 'स्टेइंग पुट' फोस्टर घरातल्यांसाठी. बालगृहात वाढलेल्यांना ते लागू नाही. अठरानंतर सांभाळणाऱ्यांचा भत्ता बहुधा घटतो, तेव्हा काहींना नको म्हणावं लागतं. सल्लागार बदलत राहतात. रस्त्यावर झोपणाऱ्यांत अशी मुलं इथेही आहेत. दादाचं वाक्य अगदीच खोटं नाही, एवढंच.

तरी आपल्याकडच्या चर्चेत 'पाश्चात्त्य की भारतीय' हा घोळ कशाला? आधी कलमातलं 'देता येईल' बदला. गटघराची तरतूद आहेच, तर पेडणे, म्हापसा, फोंडा इथे भाड्याचे फ्लॅट घेऊन ती वापरा, आणि हाक मारायला तिथे एक मोठं माणूस ठेवा. निदान पावसाचे चार महिने तरी.

निघताना त्या मुलाला म्हटलं, पत्ता दे, इंग्लंडहून जॅकेट पाठवते. तो दादाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ऑक्टोबरात शॅक उभे राहतात, मग तिथला देईन."