थंडीचा अनुभव ग्राह्य नाही

काल कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या एका बसथांब्यावर अनोळखी आजीबाईंनी माझ्या कोटाची बाही पिळली. अलंकारिक नव्हे, खरोखर. दोन्ही हातांनी, पीळ देऊन. पाणी निघालं, ते त्यांनी थांब्यावरच्या बाकीच्यांना दाखवलं आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे काय घातलंयस गं?"

कोट कॅनडाच्याच मधल्या भागातल्या विनिपेगचा. बदलीमुळे न्यूफाउंडलंडला आले, कोटही आला. पिसांचा, गुडघ्यापर्यंत, उणे चाळीसला पुरून उरणारा. (उणे चाळीसला आकडा एकच होऊन सेल्सिअस आणि फॅरनहाइटचं भांडणसुद्धा मिटतं, तिथे माणसाची काय कथा.) विनिपेगची थंडी सरळ स्वभावाची. हवा कोरडी, ऊन लख्ख, नाकातले केस ताठ. गाड्यांच्या तोंडातून वायर लोंबत असते, रात्री ती प्लगला लावली की सकाळी इंजिन चालू होतं. जानेवारीत पाऊस? छे. इथे सकाळी बर्फ, दहाला पाऊस, आणि दुपारी पडतो तो जमिनीला टेकताक्षणी काच होणारा पाऊस. वारा तर विचारूच नका.

आता पिसांची ऊब म्हणजे पिसांमध्ये अडकलेल्या हवेची ऊब. भिजली की ती एकमेकांना चिकटतात, हवा निघून जाते, आणि तिच्या जागी आलेलं पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त सहजतेने उष्णता वाहून नेतं. हे विज्ञान मला मान्य आहे. आजीबाई मान्य नाहीत.

"कुठली तू?"

"विनिपेगची."

"नाही, म्हणजे मूळची."

"भारतातली. पण आजी, मी विनिपेगला उणे चाळीसमध्ये..."

"म्हणजे गरम देशातली," त्यांनी थांब्याला जाहीर केलं. थांब्याने मान डोलावली.

"उणे चाळीस," मी पुन्हा म्हणाले.

"ते कोरडं गं! कोरडी थंडी काय, बाहेरच्या बाहेर राहते. इथली हाडात शिरते." स्वतः त्या डोक्यावर काही नाही, अंगात लोकरीचा स्वेटर, वर मासेमारीला नेण्याच्या लायकीचा रबरी कोट, अशा ठणठणीत उभ्या. मग १७ जानेवारी २०२० ची कथा सुरू झाली. एका दिवसात ७६ सेंटिमीटर बर्फ, दार उघडलं तर समोर पांढरी भिंत, शहरात आठ दिवस आणीबाणी. मी कौतुकाने ऐकलं. ऐकावंच लागतं, बस येत नव्हती.

"तुम्हा कॅनडावाल्यांना नाही कळायचं," त्या शेवटी म्हणाल्या.

"आणि हा कॅनडा नाही?"

"१९४९ ला सामील झाल्यापासून आहे की. मी त्याच्या आधीची. मी घरबसल्या कॅनडात आले."

आता इतक्या हजरजबाबी बाईवर चिडणार तरी कसं? पण मी चिडले. या देशात आले तेव्हा नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत एकच पालुपद, 'कॅनेडियन अनुभव' आहे का. भारतातली सगळी वर्षं पुसून टाकायची आणि पहिलीच्या वर्गात बसायचं. ऑन्टॅरिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये सांगितलं की अशी सक्तीची अट हा सकृतदर्शनी भेदभाव आहे. पण थंडीच्या बाबतीत दाद मागायची कुठे? मैलोन्‌मैल बर्फ तुडवून, गाल भाजून घेऊन कमावलेला अनुभव. माझ्या शेजारचा विनिपेगचा गोरा सहकारी इथे आला असता तर 'व्वा, विनिपेग!' म्हणाले असते. माझ्या तोंडाकडे पाहून मात्र थेट 'होईल हो सवय'. दरवर्षी माझा पहिलाच हिवाळा असतो.

घरचेही यात सामील. आईला रत्नागिरीत फोनवर हवामान दिसतं. "शून्यच आहे की! सुटलीस," म्हणाली. शून्य म्हणजे तिच्या लेखी वेण्णा लेकवर दव गोठल्याची पेपरातली बातमी. तसा इथला एक फायदा कबूल करते. भारताचं घड्याळ अर्ध्या तासाचं विचित्र, न्यूफाउंडलंडचंही तसंच, त्यामुळे हिवाळ्यात दोन विचित्रांची बेरीज बरोब्बर नऊ तास होते. विनिपेगच्या साडेअकरा तासांच्या हिशेबात आई मला हमखास मध्यरात्री उठवायची. आता पहाटे उठवते.

आणि रत्नागिरी म्हटल्यावर माझ्या एकदम लक्षात आलं. आडवा पाऊस, उलटी होणारी छत्री, आठवडाभर न वाळणारे कपडे, कपाटातली बुरशी, समुद्राचा खारा वारा! या गावाला लागणारा सगळा अनुभव तर माझ्याकडे बालपणापासून आहे. मी बाही सोडवून घेतली आणि आजीबाईंना कोकणातला श्रावण-आषाढ असा रंगवून सांगितला की थांबा गप्प झाला.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हो," म्हणाल्या, "पण तो गरम पाऊस."