कोरकू बाईचं बाळंतपण तिच्याशी न बोलता कसं उरकावं

मेळघाटातून रेफर होऊन आलेली बाई टेबलावर आहे. तिला मराठी येत नाही, तुम्हाला कोरकू. घाबरू नका. केसपेपरवर 'पेशंट सहकार्य करत नाही' असा शेरा मारा. परवाच एका वॉर्डात वाचला, अक्षर फार सुंदर होतं.

सोबत आलेल्या आशाताईला गेटवरच अडवा. तिला दोन्ही भाषा येतात, नऊ महिन्यांच्या तपासण्या तोंडपाठ असतात, नसती ब्याद.

दुभाषा म्हणून नवरा बरा. रक्तदाब १५०/१००, लघवीत प्रोटीन. डोकं ठणकतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बरगडीखाली दुखतं का, यावर मॅगसल्फ, म्हणजे झटके रोखणारं इंजेक्शन, आत्ताच सुरू करायचं का ते ठरणार. तिन्ही प्रश्न नवऱ्याला एका दमात विचारा. तो तिला चार शब्द विचारेल, ती दोन मिनिटं बोलेल आणि तो सांगेल, "काही नाही, बरी आहे." लिहा, तक्रार नाही. त्या दोन मिनिटांत ती काय बोलली, हे विचारायला वेळ कुणाला आहे? झटका आला की ४ ग्रॅम शिरेतून आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत द्यायचेच आहेत. अंगाची आग होईल हे आधी सांगू नका. ती हात झटकेल तेव्हा दोघींनी दाबून धरा. औषध जास्त होतंय का हे बघायला गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि श्वास सिस्टर तपासेल हो, पण दोन-दोन दिसायला लागलंय हे फक्त तीच सांगू शकते ना? कुणाला सांगेल? भिंतीला?

पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं असताना "जोर नको" असं खच्चून ओरडा. ती घाबरून जोर लावेल, तोंड सुजेल.

सिझरच्या कागदावर अंगठा घेताना तांबीचाही उरकून घ्या.

पुरे झालं हे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. मराठी कितीही मोठ्याने बोललात तरी तिला कळणार नाही. २०११च्या जनगणनेत सात लाखांहून जास्त लोकांची ती मातृभाषा होती, आणि तुम्हाला रात्रपाळीला एक माणूस मिळत नाही? वर बाया भूमकाकडे, म्हणजे त्यांच्या पारंपरिक वैद्याकडे, जातात म्हणून नाक मुरडायचं! आशाताईला आत घ्या, बसायला खुर्ची द्या, रात्रीचे पैसे द्या. बाळंतिणीकडे बघून बोला, एका वेळी एकच प्रश्न. "समजलं ना?" विचारलं की मान हलणारच, काय समजलं ते तिच्या तोंडून ऐका. आणि तांबीचं विचारताना नवऱ्याला, सासूला बाहेर काढा. अंगठा घेण्याआधी, नंतर नव्हे.