पाच रुपयांचं ग्रीटिंग

ग्रीटिंग कार्ड आणणं हे काय काम आहे का, असं ज्यांना वाटतं त्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकही कार्ड विकत घेतलेलं नाहीये हे मी लिहून देते. कार्डं मिळतात हो अजून, पण जी परवडतात ती कुणाला देता येत नाहीत आणि जी देता येतात त्यांची मागची बाजू बघितली की आपण ते हळूच होतं तिथे खोचून ठेवतो आणि दुकानदाराकडे बघून उगाच हसतो.

तर आमच्या मिरजेच्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन. म्हणजे हजार पौर्णिमा, साधारण एक्क्याऐंशी वर्षं. नेमकं त्याच आठवड्यात मला जमणार नव्हतं. आत्याचं स्पष्ट म्हणणं असं की व्हॉट्सॲपवर आलेलं ते आलेलं धरायचं नाही, कागद हवा, पाकीट हवं, वर नाव घालून पोस्टाने यायला हवं. मग काय, निघाले.

आधी मॉलमधल्या दुकानात गेले. तिथे स्वस्त कार्डं कायम तळाच्या कप्प्यात, म्हणजे ज्याचं बजेट कमी त्याने उकिडवं बसायचं. बसले. दव पडलेला गुलाब, सूर्यास्ताकडे पाठमोरं बसलेलं जोडपं, तोंडात थर्मामीटर धरलेला टेडी (काकांच्या बायपासला हा द्यायचा का?), आणि सॉरीची तर थप्पीच, एवढं सॉरी म्हणतं कोण काय माहीत. तिथल्या मुलीला म्हटलं सहस्रचंद्रदर्शनाचं आहे का काही, तर ती आधी म्हणाली, "म्हणजे बर्थडेच ना?" मी हजार पौर्णिमा वगैरे समजावलं, तशी तिचा चेहरा एकदम उजळला आणि म्हणाली, "मॅम, चंद्रवालं आहे ना!" आणि आणलं. होडीत दोघं, वर भला मोठा चंद्र, आत 'यू आर माय मून, फॉरएव्हर'. एकशे एकोणपन्नास. आत्याला.

आपल्याकडच्या निम्म्या प्रसंगांना कार्डच नाही हो. बारसं, मुंज, डोहाळजेवण, वास्तुशांत, एकसष्टी, काहीही म्हणा, दुकानात सगळं 'बेस्ट विशेस'मध्ये कोंबलेलं असतं आणि त्यावर एक फुगा.

लहानपणी हे नव्हतं. संक्रांतीची इवलीशी कार्डं डझनावर मिळायची, वर 'तिळगूळ घ्या गोड बोला' आणि कोपऱ्यात हलव्याची बारकी पुडी चिकटवलेली. बाबा पाकीट न चिकटवता बुकपोस्टने पाठवायचे, कारण ते स्वस्त. पोचेपर्यंत हलव्याची पिठीसाखर झालेली असायची. दसऱ्याच्या कार्डाला टाचलेल्या आपट्याच्या पानाचं तर नुसतं देठ उरायचं, पण लोक जपून ठेवायचे. मग आमच्या कॉलेजच्या काळात आर्चीजचं पर्व आलं (कंपनी १९७९ची, दिल्लीची, पण आमच्यापर्यंत ती व्हॅलेंटाइन आणि फ्रेंडशिप डे घेऊनच आली) आणि कार्ड म्हणजे पॉकेटमनीचा चुराडा हे समीकरण तेव्हा जे बसलं ते बसलंच.

पण खरं सांगायचं तर ही वस्तू जन्मतःच महाग आहे. नाताळचं पहिलं छापील कार्ड लंडनला हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने काढलं, १८४३ साली, हजारभर छापली आणि किंमत ठेवली एक शिलिंग. तेव्हा पत्राचं तिकीट होतं एका पेनीचं. म्हणजे कार्ड तिकिटाच्या बारापट. आज साध्या पत्राला पाच रुपये आणि आमचं ते होडीवालं एकशे एकोणपन्नासला, म्हणजे जवळजवळ तीसपट. कोलसाहेब बिचारे स्वस्तच म्हणायचे.

मधल्या काळात स्टिकरचाही एक नियम माझ्या लक्षात आलाय. महाग कार्डाच्या किमतीचा स्टिकर नुसती बोटं लावली की सुटतो, आणि वीस रुपयेवाल्याचा जन्मात निघत नाही. नखाने खरवडा, खोबरेल लावा, वरचा पापुद्रा निघतो आणि खालचा '२०' मात्र तसाच, वर तेलाचा डाग पडल्याने जास्तच उठून दिसतो. एक कार्ड यातच गेलं. घरी करूया म्हणून कार्डशीट, ग्लिटर आणि डबल टेप आणली, त्याच्या बिलाबद्दल मी इथे काही बोलणार नाही, ग्लिटर अजून गादीवर आहे.

शेवटी अप्पा बळवंत चौकात एका दुकानात काउंटरवर आहेराच्या पाकिटांचा गठ्ठा दिसला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाल पाकीट, सोनेरी गणपती, 'शुभेच्छा' छापलेलं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं आणि किंमत पाच रुपये! नाण्याचा रुपया वजा करा, चारला पडलं. बारसं, मुंज, लग्न, एकसष्टी, सगळ्याला चालतं, कुणाला चंद्र नाही की होडी नाही. आपलं खरं ग्रीटिंग कार्ड हेच की! मी आत एका कागदावर झकास चार ओळी लिहिल्या, ते दुसऱ्या साध्या पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकलं. काय स्वस्तात पडलं म्हणून घरी सगळ्यांना ऐकवूनही झालं.

चौथ्या-पाचव्या दिवशी आत्याचा फोन. "अगं, पाकीट मिळालं हो. अक्षर छान आहे तुझं. पण आतलं कुणीतरी लांबवलंय बघ, मी चांगलं उपडं करून झटकलं, नुसती चिठ्ठीच पडली. नाणं तेवढं ठेवलंय मेल्यांनी. पोस्टात अर्ज देऊ का?"

आता हिला काय सांगणार. म्हटलं, आत्या, अर्जबिर्ज नको, मी बघते. आणि फोन ठेवल्या ठेवल्या आत्तेभावाला जीपेवर पाचशे एक पाठवले. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर आत्याचा मेसेज आला, थँक्यू आणि एक फुगा.