१२० तास उभं राहून हृदयाचा सर्जन घडत नाही

गेले काही दिवस डॉक्टरांच्या गटांमधून एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: पूर्वी रेसिडेंट, म्हणजे विशेष प्रशिक्षण घेणारे डॉक्टर, आठवड्याचे १२० तास हॉस्पिटलात काढायचे, म्हणून हृदयशस्त्रक्रियेतले दिग्गज घडले. आता ड्यूटीच्या तासांवर मर्यादा आली, प्लास्टिकच्या हृदयावर टाके घालायला लावतात, प्रशिक्षणाची वर्षंही कमी केली, त्यामुळे नवी पिढी कच्ची निघते. उपाय एकच, जुनी पद्धत परत आणा.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझे स्नेही आहेत आणि त्यातले काही उत्तम सर्जन आहेत. नवे सर्जन आत्मविश्वासाने उभे राहत नाहीत ही त्यांची काळजी मलाही आहे. पण कारण ते सांगतात ते नाही. एकेक मुद्दा घेतो.

“तास जास्त, तेवढं शिक्षण जास्त”

माझ्या रेसिडेन्सीतली एक रात्र. महाधमनीचा पापुद्रा फाटलेला रुग्ण मध्यरात्री आला. मी तोवर जवळजवळ ३० तास जागा होतो. सहा तास मी दुसरा असिस्टंट म्हणून उभा होतो, सक्शन धरत होतो, टाके कापत होतो. सकाळी सरांनी कॅन्युलाबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदयाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमधलं रक्त शरीरात सोडणाऱ्या नळीबद्दल, विचारलं, “कॅन्युला मांडीतून न घालता काखेतल्या धमनीतून का घातली?” मला कारण तर सोडाच, कॅन्युला कुठे घातली होती हेही आठवेना. केसेसची नोंद ठेवायच्या लॉगबुकमध्ये मात्र ती केस माझ्या नावावर लागली.

हा काही माझा एकट्याचा दुबळेपणा नव्हता. १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात २४ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.१० टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. २००४ मध्ये अतिदक्षता विभागातल्या इंटर्नवर अभ्यास झाला. लांबलचक पाळ्यांच्या वेळापत्रकात त्यांच्या हातून सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. अमेरिकेत ही चर्चा पेटली ती १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात १८ वर्षांची मुलगी दगावल्यावर. आठवड्याला ८० तासांची देशव्यापी मर्यादा यायला त्यानंतर २००३ साल उजाडलं.

मजकुरात २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासाचा हवाला आहे. जनरल सर्जरीच्या ११७ प्रशिक्षण कार्यक्रमांत तो झाला आणि पाळ्यांचे नियम सैल केले तरी रुग्णांचं नुकसान वाढलं नाही, असं त्यात दिसलं. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण त्या अभ्यासात दोन्ही गटांना आठवड्याची ८० तासांची मर्यादा होतीच. सैल केली ती एका पाळीची लांबी आणि दोन पाळ्यांमधली विश्रांती. त्यातून १२० तासांचं समर्थन निघत नाही. निघतं ते एवढंच की नुसतं घड्याळ पुढेमागे करून फारसा फरक पडत नाही. त्या तासांत रेसिडेंटच्या हाताला काय मिळालं, हे पाहायला हवं.

“प्लास्टिकवर टाके घालून सर्जरी येते का?”

या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथेच सर्वात जास्त गैरसमज आहे.

बायपासमध्ये ज्या धमनीला नवी नळी जोडायची, ती बरेचदा दीड ते दोन मिलिमीटरची असते. धागा सात-शून्य किंवा आठ-शून्य, केसासारखा. सुई आतून बाहेर काढायची की बाहेरून आत घालायची, टोकाच्या वळणावर मनगट किती फिरवायचं, मागची भिंत चुकून टाक्यात येत नाही ना, हे सगळं क्लॅम्प लावलेल्या, थांबवलेल्या हृदयावर करायचं. त्या काळात हृदयाच्या स्नायूला नेहमीचा रक्तपुरवठा नसतो. सुई कशी धरायची हे शिकण्याची ती जागा नव्हे. तिथे रेसिडेंटचा हात चाचपडला की वरिष्ठ सुई काढून घेतात, आणि त्यांनी घ्यावीच, समोर रुग्ण आहे. पण मग रेसिडेंटला पुन्हा संधी कधी मिळणार? ज्याचा हात बाहेर तयार झाला आहे, त्याच्याच हातात आत सुई राहते.

२००२ मध्ये एक छोटा पण काटेकोर प्रयोग झाला. १६ रेसिडेंटपैकी निम्म्यांनी आधी सिम्युलेटरवर, म्हणजे सरावाच्या यंत्रावर, ठरलेली पातळी गाठली आणि मग दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. बाकीच्यांना नेहमीचंच शिक्षण मिळालं. सिम्युलेटरवर तयार झालेले २९ टक्के लवकर आटोपले, आणि पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता दुसऱ्या गटात पाचपट निघाली. हृदयाच्या बाबतीत २००८ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिलला नव्या रेसिडेंटसाठी ‘बूट कॅम्प’ सुरू झाला. तिथे भर होता तो डुकराच्या हृदयावरच्या सरावावर. पुढे अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेचा जो सिम्युलेशन अभ्यासक्रम तयार झाला, त्याचे सहा भाग आहेत. हार्ट-लंग मशीनवर घेणं, बायपास आणि महाधमनीची झडप बदलणं हे तीन रोजचे. उरलेले तीन संकटांचे: मशीनमधून मोठ्या प्रमाणात हवा रक्तात जाणं, टेबलावरच महाधमनी फाटणं, आणि हृदयाचं काम अचानक ढासळणं. हवेचा प्रसंग एखाद्या रेसिडेंटला अख्ख्या प्रशिक्षणात एकदाही दिसणार नाही. तो दिसावा अशी इच्छाही आपण धरू शकत नाही. मग पंप थांबवा, डोकं खाली करा, मेंदूकडे गेलेली हवा उलट्या प्रवाहाने बाहेर काढा, हा क्रम त्याच्या अंगात कधी मुरायचा?

सिम्युलेटरची मर्यादाही सांगतो. चुन्याने कडक झालेल्या महाधमनीत सुई घालतानाची कुरकुर प्लास्टिकमध्ये नाही. आणि शेजारी चूक दाखवणारं कुणी नसेल, तर सरावाने चूकच पक्की होते. खोलीत यंत्र आणून कुलूप लावणाऱ्या विभागांनी सुधारणा केली असं मी म्हणणार नाही.

“वर्षं कमी केली”

अमेरिकेत आधी पाच वर्षं जनरल सर्जरी आणि वर दोन-तीन वर्षं छातीची, अशी वाट होती. २००७ च्या सुमारास स्टॅनफर्डपासून सलग सहा वर्षांचा एकात्मिक कार्यक्रम आला. त्यात कात्री लागली ती मुख्यतः हर्निया आणि आतड्यांच्या महिन्यांना. हृदय आणि छातीशी गाठ पहिल्या वर्षापासून पडते.

“केसेस मिळत नाहीत, कारण मुलं लवकर घरी जातात”

केसेस मिळत नाहीत हे खरं, कारण मात्र वेगळं आहे. १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंट्झिग यांनी फुग्याने पहिली कोरोनरी धमनी (हृदयाला रक्त पुरवणारी) उघडली. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआंला क्रिबिए यांनी छाती न उघडता महाधमनीची झडप बसवली. पूर्वी रेसिडेंटला सुरुवातीला देता येत असे ती सरळ, एका झडपेची केस आता मोठ्या प्रमाणावर कॅथ लॅबमध्ये, म्हणजे धमनीतून बारीक नळी (कॅथेटर) घालून उपचार करतात तिथे, जाते. शस्त्रक्रियेला उरतात दुसऱ्यांदा छाती उघडायची वेळ आलेले, दोन झडपा आणि बायपास एकत्र लागणारे, थकलेल्या हृदयाचे रुग्ण. शिडीच्या खालच्या पायऱ्याच निघाल्या आहेत. रेसिडेंटला रात्रभर थांबवून त्या परत येणार नाहीत. त्याऐवजी त्याला कॅथेटर हाताळायला शिकवा. आणि अवघड शस्त्रक्रियेचे तुकडे करा: आज छाती उघडणं आणि बंद करणं तुझं, पुढच्या महिन्यात छातीतली धमनी सोडवणं, मग कॅन्युला, मग महाधमनीकडची जोडणी, मग हृदयाकडची.

“जुनी पद्धत”

ही पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात सर्जन हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजवली. तिचा गाभा होता पायरीपायरीने वाढत जाणारी जबाबदारी. ती परत आणायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण मग ती मोजावी लागेल. लॉगबुकातल्या “असिस्ट केलं” या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. छातीचेच सर्जन असलेल्या झ्विशनबर्गर यांच्या नावावरून आलेली झ्विश पट्टी चार पायऱ्या सांगते: वरिष्ठ करून दाखवतो, हात धरून मदत करतो, रेसिडेंटच्या मागे मागे जात मदत करतो, आणि शेवटी फक्त लक्ष ठेवतो. केस संपली की दोन मिनिटांत ही नोंद होते. वर्षअखेरीस कुणी कधीच तिसऱ्या पायरीवर गेला नाही, हे उघड दिसतं, आणि दोष विद्यार्थ्याचा की शिकवणाऱ्याचा हेही विचारता येतं.

“खऱ्या सर्जनला पुन्हा शिकावं लागत नाही”

मजकुराचं हे शेवटचं वाक्य मला सर्वात जास्त लागलं. लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट हॉस्पिटलातले मार्क द लेव्हाल लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेतलं फार मोठं नाव. नवजात बाळांच्या उलट जोडलेल्या दोन मोठ्या धमन्या बदलण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचे निकाल आधी चांगले होते, मग मृत्यूंची एक रांगच लागली. हा योगायोग आहे की आपलं काही चुकतंय, हे त्यांनी संख्याशास्त्राने तपासलं, स्वतः पुन्हा प्रशिक्षण घेतलं, आणि १०४ बाळांचा सगळा हिशेब १९९४ मध्ये स्वतःच्या नावाने छापला. प्रशिक्षणानंतर त्यांचे निकाल सुधारले होते.